थंडबाबांची फुंकर

भर उन्हाळ्यात आमच्या विमा कार्यालयाच्या मोठ्या दालनात माणसं छताकडे बघत हात जोडून उभी होती. एसी बंद, पंखा बंद आणि तरी घामाचा थेंब नाही! शेजारच्या खोलीत आमचे शर्ट मात्र पाठीला चिकटलेले.

दालनाच्या छताच्या दुरुस्तीनंतर साहेबांचे गुरू थंडबाबा यांनी छतावर फुंकर मारली होती. तेव्हापासून सगळं श्रेय त्या फुंकरीला.

"मी ऊन गिळतो, बाळांनो! माझ्या पोटात सूर्य मावतो," बाबा सांगत. पोटाचा घेर बघता मावतही असेल.

पुढे बाबांनी फर्मान काढलं, "रात्री खिडक्या उघड्या? अरे, कृपा उडून जाईल! घट्ट लावून घ्या."

खिडक्या लागल्या आणि काही दिवसांत दालनाची भट्टी झाली. बाबांनी डोळे मिटले, बोट मात्र बरोबर टेलिफोनवर बसणाऱ्या मावशींकडे वळलं. त्या नुकत्याच तिथं बसायला आल्या होत्या.

"हिचा पायगुण!"

"मावशी, सोमवारपासून येऊ नका," साहेब म्हणाले.

मावशींचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर. त्या डबा पिशवीत भरू लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी ताईला बोलावून आणलं. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि कुणाच्या बापाला भीत नाही.

"खोली गार होती, तेव्हापासून काय बदललं?" तिनं विचारलं.

"या आल्या," साहेब म्हणाले.

"आणि खिडक्या लागल्या," मी म्हणालो.

"आणि दुरुस्ती छताचीच झाली होती ना?" म्हणत ताई स्टुलावर चढली आणि छताची एक फळी सरकवून तिनं आतून चपटी पिशवी काढली. आत काहीतरी डचमळत होतं.

"अमृत!" बाबा ओरडले.

"मेण!" ताई म्हणाली. "दुरुस्तीवाल्यांनी बसवलंय. दिवसा खोलीतली उष्णता घेऊन हे वितळतं, म्हणून खोली तापत नाही. रात्रीच्या गार वाऱ्यानं पुन्हा घट्ट होतं. तुम्ही वाराच अडवलात. आधीच वितळलेलं मेण आणखी किती उष्णता घेणार?"

"हे सगळं मीच घडवतो," बाबा पुटपुटले.

"मग शेजारची खोली गार करून दाखवा. तिथं मेण नाही. इथं रात्री खिडक्या उघड्या राहतील, आणि मावशी त्यांच्याच खुर्चीवर बसतील."

साहेबांना नाही म्हणता येईना. दोन रात्री वारा खेळला, पिशव्या कडक झाल्या, दालन पुन्हा गार. मावशी फोन घेत होत्या. शेजारच्या खोलीत फुंकरा मारत बसलेल्या बाबांचा लालबुंद चेहरा दारातून डोकावला.

"जरा पंखा लावता का?"

मावशींनीच उठून लावला. साहेबांनी खाली मान घालून त्यांची माफी मागितली.

मंडळी, चमत्कार दिसला की खुशाल थक्क व्हा, पण हात जोडण्याआधी स्टूल ओढा आणि वर काय आहे ते बघा. आम्ही बघितलं नाही आणि एका बाईच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो.