पुढच्या दोरीवर

मी एक ट्रॅकपँट बोलतेय. निळी, कडेला दोन पांढरे पट्टे, उजव्या गुडघ्यावर रफू. छत्री बोलली, खुर्ची बोलली की तुम्ही माना डोलावून ऐकता. मी तोंड उघडलं की मात्र कोण बघतंय का, म्हणून इकडेतिकडे पाहाल. पाहा खुशाल. मला कुठे वाळत घातलं एवढंच मी सांगणार आहे. त्यात कुणाला लाज वाटली, तर ती ज्याची त्याने सांभाळावी.

बीडच्या बाजारात रस्त्याकडेच्या ढिगातून मला अंगदने उचललं. बिंदुसरा धरणाजवळच्या पाली गावचा हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धरणाच्या रस्त्याने पळायचा आणि मी घामाने चिंब व्हायचे. घरी आला की मला पिळून अंगणातल्या दोरीवर टाकायचा, अगदी रस्त्याच्या तोंडाशी, भर उन्हात. जाणारे-येणारे माझ्याकडे बघून म्हणायचे, "अंगद्या लई मेहनत घेतोय बरं का!" ओल्या कपड्याला याहून मोठा मान कुठला?

भरती दोनदा हुकली. अंगदने दुधाचा टेम्पो घेतला आणि मी लोखंडी पेटीच्या तळाशी गेले.

मे महिन्यात लेकरांना सुट्टी लागली आणि अंगदची थोरली बहीण वर्षाराणी माहेरपणाला आली. ती तलवाड्याच्या बद्रीनाथ अण्णांची सून. अण्णा म्हणजे बडे बागायतदार, गावचे पुढारी, कुठल्याही कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे. त्यांच्या घरात सुनेने साडीच नेसायची. वर्षाराणीने आपले पंजाबी ड्रेस लग्नाच्या आधीच मैत्रिणींना वाटून टाकले होते.

त्याच सुट्टीत पालीच्या शाळेच्या पटांगणात बायकांसाठी योगवर्ग सुरू झाला. बीडहून सायली मॅडम स्कूटीवर शिकवायला यायच्या. वर्षाराणीने योग टीव्हीवरच पाहिलेला. शेजारच्या छबुबाई तिला ओढूनच घेऊन गेल्या. एक पाय उचलायची वेळ आली तेव्हा वर्षाराणीचा एक हात पदराला आणि दुसरा निऱ्यांना. तोल सांभाळायला तिसरा हात आणायचा कुठून? ती धाडकन छबुबाईंच्या अंगावर गेली.

"अगं माय! योगा करायला आलीस का मला मारायला?"

सगळ्या हसल्या, वर्षाराणीही हसली. घरी येऊन तिने पेटी उपसली.

"अंगद, ही घेऊ का रे?"

"घे की. पर ढगळ व्हईल तुला."

तिने माझी नाडी आवळून बांधली, वर आईने शिवून ठेवलेला अंगदचा जुना कुडता घातला आणि सहज हात खाली सोडले. ते माझ्या खिशांत गेले. लग्नानंतर तिच्या अंगावरच्या कुठल्याच कपड्याला खिसा नव्हता. दोन्ही हात खिशांत घालून ती दारात उभी राहिली. आता कुठं जायचंय, असं कुणी विचारलं असतं तर तिने वाट्टेल ते सांगितलं असतं.

रोज सकाळी आम्ही पटांगणात. वर्गाच्या शेवटी सायली मॅडम सगळ्यांना उताणं झोपवायच्या. "हे शवासन. हातपाय सैल सोडा. काहीही करायचं नाही." ज्या वेळेला घरोघरी चुली पेटलेल्या असतात, त्या वेळेला या बायका आभाळाकडे तोंड करून स्वस्थ पडलेल्या! एकीलाही ते जमेना. कुणी मान उचलून बघायचं, कुणाचे पाय नुसते चुळबुळ करायचे.

छबुबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "मॅडम, मेल्याबिगर बाईला पडाया मिळत न्हाई, म्हनून असलं नाव ठिवलंय का?"

हसणं थांबलं आणि मग खरंच सगळ्या शांत पडल्या. वर्षाराणीच्या मांड्या सैल झालेल्या मला पहिल्यांदाच जाणवल्या.

सायली मॅडमनी वर्गाचा फोटो मोबाईलवर टाकला. तो फिरत फिरत तलवाड्याला पोचला. संध्याकाळी वर्षाराणीच्या नवऱ्याचा, विजयसिंहाचा फोन आला.

"विजार घालून उघड्यावर उड्या मारतीस? लोक काय म्हनत्याल?"

"उघडं काय होतं त्यात? घोट्यापर्यंत झाकलेली होते. साडीत पोट दिसतंय, तवा कुनी काय म्हनलं न्हाई."

"जास्त बोलू नको. वर्ग बंद कर."

"माहेरी हाय तवर करनार. आन् घरी आल्यावर बी करनार."

तिने फोन ठेवला. दोन्ही हात माझ्या खिशांत घातले.

तलवाड्याला मी तिच्या पिशवीतून गेले. तिथे ती पहाटे गच्चीवर चटई टाकायची आणि अर्धा तास आसनं करायची. दिवसभरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. विजयसिंह फुगून बसायचा. ती उठून गच्चीवर जायची. एकदा सासूबाई, तुळजाबाई, तिला रागवायला म्हणून जिना चढून आल्या. धाप लागली म्हणून चटईवर टेकल्या. कंबर दुखत होती म्हणून आडव्या झाल्या. पाय लांब सोडले आणि आभाळाकडे बघत राहिल्या.

"आता पुढं काय करायचं असतंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काहीच न्हाई, आत्याबाई."

"असं बी असतंय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

पण धुतल्यावर माझी रवानगी न्हाणीमागच्या दोरीवर. त्या घरात पुढच्या दोरीवर पुरुषांचे कपडे; बायकांचं आतलं-बितलं मागे, आणि वर तुळजाबाईंचं नऊवारी लुगडं पसरलेलं, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. मीही त्याच अंधारात. अहो, मी तीच! अंगदच्या पायांत होते तेव्हा मेहनतीची खूण होते. बाईच्या पायांत आले आणि झाकायची वस्तू झाले. माझ्यात बदललं काय? एक धागा तरी?

त्या लुगड्याखाली मी कधी धड वाळले नाही. मला कुबट वास लागला. वर्षाराणीच्या मांड्यांवर पुरळ उठलं. आसनं सोडायची का मला नीट वाळवायचं, एवढाच प्रश्न उरला.

जून लागला. पाऊस नव्हता, ऊन कडक होतं. योगदिनाच्या कार्यक्रमाला अण्णा अध्यक्ष. चौकात फलक लागला: अण्णांचे हात जोडलेले, खाली 'निरोगी नारी, सक्षम नारी'. कार्यक्रमासाठी अण्णांनी पांढरीशुभ्र ट्रॅकपँट आणली होती. आदल्या दिवशी ती धुवून पुढच्या दोरीवर घातली. समोर खुर्च्या टाकून कार्यकर्ते नियोजनाला बसले.

तेवढ्यात वर्षाराणी बादली घेऊन बाहेर आली. तिने मला झटकलं आणि त्या पांढरीच्या शेजारी टाकलं. चिमटाही लावला.

कार्यकर्त्यांच्या माना दोरीकडे वळल्या. हरिबा नावाचा कार्यकर्ता हळूच म्हणाला, "अण्णा, पांढरी तुमची. मंग निळी कुनाची?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "सूनबाई, ती आत घ्या."

"घेते, मामा. वाळल्यावर घेते."

"आत्ता घ्या म्हनलं."

"मागं वाळत न्हाई ती. अंगाला बाधतंय."

आवाज ऐकून तुळजाबाई दारात आल्या. सवयीने हातात लुगडं होतंच. अण्णांनी मानेनेच खूण केली: झाका. तुळजाबाई दोरीपाशी आल्या. वर्षाराणी जागची हलली नाही. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा तो अंधार.

तुळजाबाईंनी लुगडं झटकलं आणि अण्णांच्या पांढऱ्या पँटवर पसरलं.

"अगं ए, काय करतीस?"

"झाकाया सांगितलं ना तुमी? लाज असंल तर दोन्हीची असंल. म्हनून घरच्या मालकापासून सुरवात केली."

हरिबाने तोंडावर रुमाल धरला. अण्णा उठले, लुगडं ओढून काढलं, आणि आता दोन्ही पँटी सगळ्यांसमोर लटकत होत्या. मला ओढायला मात्र त्यांचा हात पुढे झाला नाही. "बसा रे," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "मंडपाचं काय झालं?"

आमची जात लवकर वाळणारी. तलवाड्याच्या त्या उन्हात अर्ध्या तासात मी कडकडीत झाले असते. वाळल्यावर घेते, असं ती म्हणाली होती. म्हणून त्या दिवशी मी जमेल तितका वेळ ओली राहिले. शिवणीत पाणी धरलं, खिशांत धरलं, कमरेच्या पट्टीत धरलं. बैठक उठली, माणसं गेली, तरी मी ठिबकत होते.

आता रफू उसवलंय, पट्टे पिवळे पडलेत. पण मी पुढच्या दोरीवरच असते. शेजारी कधीकधी एक हिरवं लुगडं असतं, नुसतं वाळायला, कुणावर न पसरलेलं. तलवाड्याला आलात तर रस्त्यावरून दिसेन. मान फिरवू नका. आणि घरी गेल्यावर आपल्या न्हाणीमागची दोरी एकदा बघून या. तिथे कुणी अंधारात ओलं असेल, तर त्याला उन्हात आणा.