चौथा कोपरा

माझ्या नातीच्या, म्हणजे ठकीच्या, बालवाडीच्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या की हल्ली मुलं मोकळ्या हवेत जात नाहीत. पण ते माझ्या सुनेनं मनाला लावून घेतलं आणि त्याच आठवड्यात घरात तंबू आला.

माझा मुलगा विमा कंपनीत आहे. कोणत्या इमारतीला आग लागेल, कोणतं जहाज बुडेल, याचा अंदाज बांधायचा त्याला पगार मिळतो. असा माणूस तंबू घेऊन सरळ माळावर जाणं शक्यच नव्हतं.

"आधी रंगीत तालीम," तो म्हणाला. तालीम हॉलमध्येच झाली.

हॉलच्या फरशीत खुंट्या कशा ठोकणार? त्यांची पिशवी त्यानं सोफ्यामागे टाकली आणि तंबूच्या दोऱ्या सापडेल त्याला बांधल्या. एक फ्रिजला, एक दाराच्या कडीला, एक कपाटाच्या पायाला. चौथा कोपरा माझ्या आरामखुर्चीपाशी आला. रिकामी खुर्ची दोरीबरोबर सरकायची आणि तंबू गुडघे टेकायचा. मी बसलो की ताठ उभा राहायचा.

"बाबा, उठू नका हं!" मुलगा म्हणायचा.

एरवी या घरात मला "बाबा, जरा उठता का, केर काढायचाय" असं सांगतात. त्यामुळे मी पुस्तक उघडून, जमेल तेवढं वजन टाकून बसायचो. ठकी पाच वर्षांची आणि तिचा भाऊ जेमतेम चालणारा. दोघं तंबूत शिरायची आणि मधूनच बाहेर डोकं काढून मी आहे ना हे बघायची.

तालमी वाढत गेल्या, सहल मात्र लांबणीवर पडत राहिली. एका रविवारी वारा होता, दुसऱ्या रविवारी ऊन. उघड्यावर जाण्यासाठी हवा जरा जास्तच उघडी आहे, असं मुलाचं मत पडलं. सूनबाई दातांची डॉक्टर. मुलांनी मातीत मनसोक्त खेळावं असं तिला फार वाटे, म्हणून तिनं त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे मागवले.

मलाही जायचं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मी तीनदा वाचलं, त्यातल्या वेलांट्या आणि अनुस्वार जागेवर बसवले, पण मान वर करून आकाश काही पाहिलं नाही. आता नातवंडांबरोबर उघड्यावर एक रात्र काढावी, एवढीच इच्छा होती. पण तंबूच्या खोक्यावर 'चौघांसाठी' असं छापलं होतं. छापलेल्या मजकुराशी वाद घालायची मला सवय नाही. 'मी आलो तर चालेल का?' हे वाक्य मी मनात जुळवलं. मग त्यातलं 'चालेल का' लाचार वाटलं, ते खोडलं. 'मी' आगाऊ वाटला, तोही खोडला. शेवटी बोलण्यासारखं काही उरलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. गाडी भरून झाली आणि मला सोफ्यामागची पिशवी दिसली.

"अरे, ती पिशवी..."

"बाबा, आता काही नको. तीळभर जागा नाही गाडीत."

"दूध आलं की तापवून ठेवा," सूनबाई म्हणाली.

"आजोबा नाही येत?" ठकीनं डोळे मोठे केले. "मग तंबू उभा कसा राहणार?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरानं.

दुपारी फोन आला. "बाबा, खुंट्या! त्या लागतातच म्हणे!"

"सोफ्यामागे आहेत. सकाळी मी तेच..."

"मग बोलायचं नाही का तेव्हाच? टॅक्सी पाठवतोय. पिशवी ड्रायव्हरकडे द्या."

टॅक्सी आली. ड्रायव्हरनं पिशवीसाठी हात पुढे केला. मी पुस्तक काखेत मारलं, पिशवी छातीशी धरली, मागचं दार उघडलं आणि आत बसलो. माझी छाती इतकी धडधडत होती की पिशवीतल्या खुंट्या वाजतायत की काय असं वाटलं. ड्रायव्हर भरवशाचा वाटला नाही म्हणून मी स्वतः आलो, असं तिकडे सांगायचं मी ठरवलं. पण त्या भल्या माणसानं वाटेत गाडी थांबवून मला पाणी पाजलं, आणि ती सबब बाद झाली.

निसर्गशिबिराचं मैदान हिरवंगार होतं. गवत प्लॅस्टिकचं आणि त्याखाली सिमेंट. पक्ष्यांची किलबिल लाउडस्पीकरमधून येत होती.

"पालकांच्या तक्रारी होत्या," व्यवस्थापक अभिमानानं म्हणाला. "चिखल, किडे. आता एक मुंगी दाखवा, पैसे परत."

मैदानभर आईबाप आपापल्या तंबूचे कोपरे हातात धरून उभे होते. मुलं गाड्यांमध्ये बसून, काचा वर करून, आईबाप बघत होती.

"बाबा, तुम्ही? तुम्ही कशाला दगदग केलीत?" सूनबाई म्हणाली.

"मी... पिशवी..."

मुलानं खुंटी घेतली आणि ठोकली. ती वाकली. दुसरीच्या वेळी अंगठा ठेचला. "जागा मात्र अगदी सुरक्षित आहे," अंगठा चोखत तो म्हणाला.

"कोपरा आला! आपला कोपरा आला!" ठकी गाडीतून ओरडली.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मग मैदानाच्या कडेच्या शीतपेयांच्या फ्रिजकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. एक दोरी फ्रिजला, एक गाडीच्या दाराला, एक दिव्याच्या खांबाला. चौथी शिबिराच्या एका खुर्चीला. मी बसलो. तंबू उभा राहिला.

शेजारचे एक गृहस्थ आपला कोपरा न सोडता जमेल तेवढे जवळ आले. "हे आजोबा तंबूबरोबरच मिळतात का हो?"

"नाही, घरचे आहेत," मुलगा म्हणाला. तो हे इतक्या ऐटीत बोलला की मी पुस्तकात तोंड लपवलं.

ऊन उतरलं. फाटकाशी ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"बाबा, टॅक्सी थांबलीय..." मुलगा म्हणाला आणि मध्येच अडला. त्याची नजर माझ्या खुर्चीवरून दोरीवर, दोरीवरून तंबूवर गेली. "म्हणजे... सकाळपर्यंत थांबलात तर..."

माझं वाक्य तयार नव्हतं. पण त्याची गरजच पडली नाही. सूनबाई स्वतःची शाल घेऊन आली, ती तिनं माझ्या खांद्यावर टाकली आणि टॅक्सीला जायची खूण केली.

"दूध?" मी विचारलं.

"नासू दे हो."

वारा सुटला तेव्हा ठकी माझ्या मांडीवर चढून बसली. "मी वजनाला आलेय," तिनं सांगितलं. लाउडस्पीकरमधले पक्षी बंद झाले. पश्चिमेला काहीतरी लुकलुकलं.

"ते काय आहे, आजोबा?"

पुस्तकाप्रमाणे तो शुक्र असायला हवा होता. पण विमानाचा दिवाही असू शकतो, माझा काय भरवसा.

"हललं तर विमान," मी म्हणालो.

आम्ही टक लावून बसलो. ते हललं नाही. आम्हीही हललो नाही. आम्हाला सक्त ताकीद होती.