हार घातलेली मंदाबाई

खोटं वाटलं तर टीव्हीला विचारा. मी, मंदाबाई, बावीस वर्षं धुळ्यात नाटकं केली, मग मुंबईला जाऊन मालिकेत सासू झाले. तारखांवरून निर्मात्याशी वाजलं. त्यानं पुढच्याच भागात मला जिन्यावरून पाडलं, दिवाणखान्यात माझा फोटो टांगला आणि हार घातला. आमच्या बौद्ध घरात तेराव्याची रीत नाही, पण तिथं माझं तेरावंसुद्धा उरकलं.

मी जळगावला लेकाकडे आले. एरंडोलच्या बसमध्ये एका बाईनं माझं मनगट धरलं. "माय वं! तू ते मरी गयी व्हती ना!"

"चार दिननी सुट्टी शे," मी म्हटलं.

बाई पुढच्याच थांब्यावर उतरून गेली. मला इतकं हसू आलं! पण ते पोटातच राहिलं. तोंड हललंच नाही.

मग तसंच चाललं. सून प्राची गमती सांगायची, मी नुसती बघत बसायची. आरशासमोर बोटांनी ओठ ताणून पाहिले, सोडले की परत जागेवर. डॉक्टर म्हणाले, नसा ठीक आहेत. नातवंडं मात्र जवळ यायला भ्यायला लागली. त्यांना हसवता येत नसेल तर आजी काय कामाची?

एकदा संध्याकाळी सातला टीव्हीवर ती मालिका लागली आणि प्राची ओरडली, "आई, तुमचा फोटो हसतोय!"

फोटो काढला तेव्हा माझं तोंड मिटलेलं होतं. आता दात दिसत होते आणि पुढचा एक अर्धा होता. तो दात मागच्याच महिन्यात ऊस खाताना मोडलेला.

मी मालिकेतल्या डिंपलला फोन लावला. सेटवरचं सगळं तीच बघते. "तो फोटो उतरव."

"कसा उतरवू, अक्का? कागदात तसं लिहिलेलं नाही. आणि लेखक पळालाय. म्हणे, लिहायला बसलं की मागून कुणीतरी हसतं. तुम्हीच लिहा ना एक भाग."

लिहिला. 'सून फोटो उतरवते.' एवढंच हवं होतं, बाकी पंचवीस पानं भांडण, नाहीतर भाग भरत नाही.

शूटिंगच्या दिवशी डिंपलचा फोन. "फोटो उतरवला, अक्का. चौकट रिकामीच निघाली! पण तुम्ही येणार हे सांगायचं तरी. मेकअप करून आतल्या खोलीत बसलात म्हणे, संवाद मागताय."

मी जळगावात भरताची वांगी भाजत होते.

"तिला फोन दे," मी म्हटलं.

पलीकडून माझाच आवाज आला. "संवाद लिहा."

मी विचार केला, ही माझीच नटी. कागदाबाहेर पाऊल टाकायची हिची हिंमत नाही. तिथल्या तिथे सांगितलं, "डिंपल, लिहून घे. सासू हसायचं थांबते आणि रडते."

तिकडे हुंदका ऐकू आला आणि इकडे मी अशी हसले, अशी हसले, की प्राची चूल सोडून मलाच धरायला धावली. नातवंडं मांडीत येऊन पडली.

तेव्हापासून मी लेखिका. दोनशे भाग झाले. ती रडते झकास, माझ्यापेक्षा बरी. रोज फोन करते.

"मंदाबाई, उद्या तरी एक हसायचा प्रसंग द्या."

"बघते गं, जागा उरली तर."

मग नवं पान घेते आणि तिला ताप आणते.