अकरा नंबरची डावी बाजू

"सिस्टर, अकराकडे नोका जाऊ तुमी. काल त्यानं मले अशी ठेवून देल्ली का अजून कान वाजून राह्यला."

वॉर्डबॉय मनोजने गाल पुढे करून दाखवला. जयवंताला हसू आलं नाही. दोन महिन्यांच्या रजेनंतर आज तिचा पहिला दिवस होता. मार्चमध्ये याच वॉर्डात, दारू अचानक बंद झाल्यामुळे भ्रमात गेलेल्या एका रुग्णाने सलाईनचा स्टँड उचलून तिच्या हातावर घातला होता. प्लास्टर निघालं, हाड सांधलं. पण आज सकाळपासून ती भिंतीला पाठ लावूनच उभी राहत होती. समोर येणाऱ्याचा चेहरा नंतर, आधी त्याचे हात बघत होती. कूलरची झडप वाजली तरी ती दचकून वळून बघे.

पर्समध्ये बदलीचा अर्ज होता. अकोल्याला, औषध भांडारात. तिथे खोकी असतात. खोकी हात उगारत नाहीत.

अकरा नंबरवर सहदेवजी होते. वलगावचे, झेंडू-शेवंती पिकवणारे, सत्तरी गाठलेले. पाच दिवसांपूर्वी लकवा मारून डावं अंग लुळं पडलं होतं. राहिलेल्या उजव्या हाताने त्यांनी पाच दिवसांत तिघांना मारलं. म्हणून तो हात आता पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधला होता, आणि त्यांच्या कागदावर कोणीतरी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता : 'मारतो'.

पायथ्याशी स्टुलावर त्यांची बायको सत्यभामा बसली होती. जयवंता चार हात लांबच थांबली.

"मावशी, घरीही असेच तापट होते का हे?"

"नाही वो बाई. चाळीस वर्षं झाली लग्नाले, मायावर कदी हात नाही उचलला. बजारात हारवाल्यासंगही भांडे नाही हा मानूस."

"मग आता काहून मारतात?"

"मले का ठाऊक. म्हनते, कोनीतरी येते अन् धरते. कोन येते म्हनलं, तर म्हनते दिसत नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. "डाक्टर म्हनून गेले, आज पुन्हा मारलं तर इथं ठेवत नाही. कुठी नेऊ मी याले?"

जयवंता दुसऱ्या पलंगाकडे वळली, पण कान अकराकडेच राहिले.

दुपारी जेवण आलं. मनोजने जीव मुठीत धरून सहदेवजींची पट्टी सोडली आणि ताट समोर ठेवून दोन पावलं मागे सरला. जयवंता पायथ्यापासूनही लांब, मधल्या खांबाला टेकून बघत होती. भीतीने तिला लांब ठेवलं होतं, आणि लांबून जे दिसलं ते पाच दिवस जवळ जाणाऱ्या कुणालाच दिसलं नव्हतं. सहदेवजींनी भात खाल्ला, वरण खाल्लं, आणि हात थांबवला. ताटाचा उजवा अर्धा भाग लख्ख. डाव्या अर्ध्यात पोळी आणि भाजी जशीच्या तशी, मधोमध रेघ ओढावी तशी.

"भाजी नाही देल्ली आज," ते म्हणाले.

"अवो, हे काय समोर," सत्यभामा रडवेली झाली. "भरमलाच हा बुढा."

जयवंता पुढे आली. कधी आली तिलाही कळलं नाही. पायथ्याकडून हात लांब करून तिने ताट फिरवलं, डावं उजवीकडे केलं.

सहदेवजींनी ताटाकडे पाहिलं. "आता देल्ली का," म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडून भाजी खाऊ लागले.

जयवंताने मग पलंगाकडे पाहिलं. उजवी बाजू खिडकीच्या भिंतीला चिकटलेली. येणारा प्रत्येक माणूस डावीकडून येत होता. सुई घेऊन, थर्मामीटर घेऊन, चादर ओढायला. आणि सहदेवजींच्या लेखी डावीकडे काहीच नव्हतं. पाच दिवस, दिवसातून वीस वेळा, नसलेल्या जागेतून हात निघून त्यांना धरत होते.

तिने डॉक्टर शेखरना बोलावलं. त्या तरुण डॉक्टरने सहदेवजींच्या उजव्या बाजूला बोट धरून हळूहळू डावीकडे नेलं. नाकाच्या रेषेपाशी नजर थांबली. बोट पुढे गेलं, डोळे गेले नाहीत.

"डावीकडचं भान नाही, हे लिहिलेलं आहे, सिस्टर," कागद चाळत तो हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी, मीच लिहिलं होतं. वॉर्डात सांगायचं राहून गेलं."

तिघांनी मिळून पलंग फिरवला. डावी बाजू भिंतीला गेली. मनोज पुन्हा पट्टी बांधायला लागला तेव्हा जयवंताने ती त्याच्या हातातून काढून घेतली. मनगटावर लाल वळ उठले होते. कागदावरचा लाल शब्द खोडून तिने खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'डावीकडचं दिसत नाही. उजवीकडून जा. आधी नाव सांगा, मग हात लावा.'

लिहिताना तिला मार्चमधला तो माणूस आठवला. स्टँड उचलण्याआधी दोन तास तो अंगावर मुंग्या चढल्या म्हणून ओरडत होता, आणि ती येता-जाता 'गप पडा' एवढंच म्हणत होती. हात मोडला तो मोडलाच. तिचं त्यात चुकलं, असंही कुणी म्हणालं नसतं. पण दोन महिने घरी पडून असताना त्या मुंग्या तिला एकदाही आठवल्या नव्हत्या.

ड्यूटी संपल्यावर तिने अर्ज कार्यालयात देऊन टाकला. समजलं म्हणून भीती जात नाही, हे तिला त्याच दिवशी कळलं.

पुढचे पाच दिवस सहदेवजींनी कुणाला मारलं नाही. मनोज तर उजवीकडून जाऊन "मी मन्या आलो, बाबा" म्हणे, आणि ते मान हलवत.

सहदेवजींना घरी सोडायच्या दिवशी सकाळी जयवंता त्यांच्याकडे गेली. ते पलंगाच्या काठावर पाय सोडून बसले होते.

"बाबा, मी जयवंता. नाडी पाहते."

सहदेवजींनी उजवा हात वर उचलला. एका हाताने नमस्कार करायचा होता त्यांना. पण जयवंता त्याआधीच दोन पावलं मागे सरली होती. तिची पाठ शेजारच्या लॉकरवर आदळली, वरचा पेला खाली पडून घरंगळत गेला.

सहदेवजी तिच्याकडे बघत राहिले. मग वर उचललेल्या हाताकडे त्यांनी पाहिलं, तो हळूच खाली आणला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"या आता," ते म्हणाले.

जयवंता पुढे आली. नाडीसाठी तोच हात लागणार होता. तिने तो स्वतः मांडीखालून काढून घेतला, मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजू लागली. मध्येच आकडा चुकला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. सहदेवजी हात जराही न हलवता बसून राहिले.