अक्काची पिवळी भिंत

खडकांमधून बंदरात शिरायची वाट इतकी अरुंद, की समोरासमोर दोन होड्या आल्या तर एकीने पोट आत ओढून घ्यावं. त्या वाटेने नाक्या डोळे मिटून होडी आणतो, अशी त्याची ख्याती होती. ती त्यानेच पसरवली होती. पाण्याखालचा खडक आपल्याला वासावरून कळतो, असं तो सांगायचा, आणि वाटेच्या तोंडाशी आला की मान वर करून हुंगायचा. सोबतचा मेव्हणा तेवढा वेळ भक्तिभावाने गप्प बसायचा.

खरं सांगायचं तर हुंगताना नाक्याची नजर किनाऱ्यावर असे. टेकडीवर त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पिवळं घर होतं आणि त्याच्या पुढ्यात खाली बेकरीचं धुराडं. धुराडं पिवळ्या भिंतीच्या मधोमध दिसलं की सुकाणू सरळ धरायचं. जरा इकडेतिकडे झालं की होडीचा तळ गेलाच. बाकी सगळी घरं पांढरी. म्हणून तर नाक्या दरवर्षी अक्काकडे पिवळ्या रंगाचा डबा पोचवायचा आणि म्हणायचा, "तुझ्या घराला हाच शोभतो." अक्काला वाटे, भाऊ असावा तर असा.

त्या दुपारी होडी माशांनी भरून परतली. नाक्याने मान वर केली आणि ती तशीच राहिली. टेकडीवर पिवळं काही नव्हतंच.

"दाजी, हुंगा की," मेव्हणा म्हणाला.

"वारा उलटा आहे."

ओहोटी लागली होती. आणखी थोड्या वेळाने वाट बंद होणार, आणि मागून आभाळ काळं होत होतं. नाक्याने आजूबाजूला पाहिलं, तर बंदरातल्या यच्चयावत होड्या खडकांच्या बाहेरच रेंगाळत होत्या. शेजारी टकल्या होता. पाण्यात पाय सोडला की खडक कळतो, ही त्याची थाप. आता त्याचे दोन्ही पाय पाण्यात होते.

"आत नाही जात?" नाक्याने विचारलं.

"हवा खातोय जरा. तू हो पुढे, तुला काय, नाक आहे."

पलीकडचा म्हातारा न फाटलेलं जाळं शिवत होता.

नाक्याने मोबाईल काढला. हळू बोलायची सोय नव्हती, अक्काला कमी ऐकू यायचं.

"अक्का, घराला काय केलंस?"

"पांढरा दिला. वीट आला पिवळ्याचा."

"आत्ताच्या आत्ता भिंतीवर काहीतरी पिवळं टाक."

"का म्हणून?"

मेव्हणा ऐकत होता. टकल्या ऐकत होता. नाक्याने आभाळाकडे पाहिलं, भरल्या होडीकडे पाहिलं आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "तुझी भिंत बघून आत येतो मी. नाकाला काही कळत नाही माझ्या."

कोणी हसलं नाही. नाक्याला ते फार चमत्कारिक वाटलं.

"मग तो टकल्या कशाला आणून देतो डबे?" फोनमधून अक्काचा आवाज साऱ्या होड्यांवर घुमला. "आणि तो जाळंवाला म्हातारा? माळा भरलाय माझा पिवळ्या डब्यांनी. मला वाटलं, स्वभाव आवडतो माझा."

टकल्याला होडीच्या तळाशी काहीतरी अत्यंत महत्त्वाचं दिसलं. म्हाताऱ्याची सुई थांबली. फोन बंद झाला.

मग बराच वेळ काहीच घडलं नाही. अक्का बहुधा मनातल्या मनात एकेकाची हजेरी घेत असावी. शेवटी टेकडीवर अक्काच्या माळ्याच्या खिडकीतून पिवळी चादर खाली सुटली. नाक्याने धुराडं तिच्या मधोमध धरलं आणि होडी आत घातली. मागून, मुंग्यांच्या रांगेसारखे, बाकीचे आले.

अक्काने भिंत पांढरीच ठेवली आहे. चादर ती रोज दुपारी सोडते, पण मनात आलं तर. त्यामुळे तिच्या छपराचे पत्रे बिनबोभाट बसवून झाले आहेत, आणि तिचं गुडघ्याचं दुखणं सगळे दर्यावर्दी शेवटपर्यंत ऐकून घेतात.

नाक्या अजूनही वाटेशी आला की मान वर करून हुंगतो.

"दाजी, आता कशाला?" मेव्हणा विचारतो.

"अक्काचा राग निवलाय का, ते बघतोय."