समाधानासाठी एक दाबा

उर्मिलाबाई अनवाणीच धावत आल्या. बोटांना कणीक चिकटलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि मुठीत मोबाईल घट्ट धरलेला. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडसमोर गजाननरावांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ते तेव्हा एका गिऱ्हाइकाला पेनाची रिफिल चालवून दाखवत होते.

"समाधान सापडला," उर्मिलाबाई म्हणाल्या.

गजाननरावांच्या हातातली रिफिल कागदावर तशीच थांबली. निळ्या शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"कोण म्हणलं?"

"फोन आला होता. सरकारी फोन. बाई बोलली."

"कुठं सापडला?"

"तेवढं नाही सांगतलं. फोन बंद झाला. तुम्ही आधी ठाण्यात चाला ना!"

एरवी गजाननरावांनी बायकोला वीस प्रश्न विचारले असते आणि एकविसाव्याला फोनच हातातून काढून घेतला असता. अख्ख्या बाजारपेठेत हा माणूस अविश्वासासाठी प्रसिद्ध होता. चहावाल्यापासून चांभारापर्यंत सगळ्यांकडे पैसे घ्यायचा चौकोनी स्टिकर लागला, यांच्या दुकानात नाही. राजकारणावर बोलायची वेळ आली की आधी मोबाईल गल्ल्याच्या खणात, वह्यांच्या गठ्ठ्याखाली जायचा. "आयकून राहिला तो," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे आणि मग सरकारला मनसोक्त शिव्या घालायचे. लोक चेष्टा करायचे. गजाननराव चेष्टाही खपवून घ्यायचे, पण मत बदलायचे नाहीत. घरात तर नियमच होता, अनोळखी नंबर उचलायचा नाही आणि कोणी काही दाबायला सांगितलं तर बोट खिशात घालायचं.

त्याच माणसानं आज काही न विचारता शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक अजून आतच उभं होतं. त्याला वाकून बाहेर यावं लागलं.

ठाण्याकडे जाताना गजाननराव इतके भरभर चालले की उर्मिलाबाई मागे पडल्या. ते मागे फिरले, आपल्या चपला काढून बायकोपुढे ठेवल्या आणि पुन्हा चालू लागले. रस्त्याच्या कडेला ठेलेवाले संत्र्यांचे ढीग रचत होते. समाधान गेला तेव्हा बागेतली संत्री अजून हिरवी होती.

समाधान हा त्यांचा मुलगा. मोठी तेजस्विनी लग्न होऊन नागपूरला गेली, त्यानंतर घरात हाच. वयानं तिशीला टेकला होता, पण मन सात-आठ वर्षांवरच मुक्कामाला थांबलं होतं. दिवसभर स्टँडवर असायचा. "नागपूर लागली! छिंदवाडा लागली!" असं ओरडायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या चढवून द्यायचा. कंडक्टर त्याला चहा पाजत. त्याला वाचता यायचा तो एकच शब्द, स्वतःचं नाव. आईनं अंगणातल्या धुळीत बोट धरून गिरवून घेतलेलं.

एकदा तहसीलसमोर लोकांच्या तक्रारी सोडवायला सरकारी मंडप उभा राहिला आणि त्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत फलक लागला, 'जन समाधान शिविर'. पोरगं उड्या मारतच दुकानात आलं.

"बाबा! सरकारनं माह्यं नाव लिवलं!"

सगळा बाजार हसला. त्या दिवशी समाधान मंडपातल्या पहिल्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून होता. अधिकारी आले, भाषणं झाली, अर्ज गोळा झाले, त्याला कोणी उठवलं नाही. गजाननरावांनी घरी आल्यावर त्याला समजावलं, "लेका, त्यायचं समाधान येगळं, आपलं येगळं." ते काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. सरकार त्या दिवसापासून त्याचं झालं.

पुढे स्टँडच्या चौकात खांबावर कॅमेरे बसले. खाली पाटी लागली, 'आप कैमरे की नज़र में हैं'. आत साहेब बसतात आणि सगळं पाहतात, असं कोणीतरी समाधानला सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी खांबाखाली उभं राहून तो कॅमेऱ्याला सलाम ठोकायचा आणि मगच कामाला लागायचा.

"अबे, ज्याले पापण्या नाही त्याचे डोये कायचे?" गजाननराव दुकानातून ओरडायचे. "तो पाहत नाही रे!"

"पाहते, बाबा. मले पाहून लाल लाइट लावते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, असते. त्या सकाळी सौंसरच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बसच्या दारांना लोंबकळत होती. समाधान नेहमीसारखा सलाम ठोकून गर्दीत शिरला तो परत आला नाही. पांढुर्ण्याच्या गल्ल्या शोधून झाल्या, जामसांवलीचं मंदिर झालं, मोहगाव झालं, नागपूरचा स्टँड झाला. कोणी म्हणालं पाहिला, कोणी म्हणालं दुसराच होता.

ठाण्यात कुणाल नावाचा शिपाई होता. शाळेच्या वह्या त्यानं गजाननरावांकडूनच उधारीवर नेलेल्या, त्यामुळे तो अजून 'काका' म्हणायचा. समाधान हरवल्यावर दोघं कॅमेऱ्याचं चित्र पाहायला गेले तेव्हा त्यानं आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं.

"काका, कॅमेरा चालू होता. दिसतबी होतं. फक्त साठवत नव्हता. लय दिवसापासून. थे काम कंपनीचं आहे."

वर्षानुवर्षं गजाननराव गमतीनं जे बोलत आले तेच एका परीनं खरं निघालं होतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पोरगा इतके दिवस रिकाम्या खांबाला सलाम करत होता.

मग कुणालनं हळूच विचारलं, "आधार आहे का त्याचं? कुठं आश्रमात नाहीतर दवाखान्यात नेला असंन, तर ठसा लावला का घरचा पत्ता निघते."

आधार नव्हतं. गजाननरावांनीच काढू दिलं नव्हतं. "माह्या पोराचे ठसे कोणाले कायले पाह्यजेत? त्यानं कोणाचा खून केला?" असं म्हणून आधारच्या शिबिराच्या रांगेतून त्याला हात धरून परत आणलं होतं. तेव्हा उर्मिलाबाई भांडल्या होत्या. ठाण्यात मात्र त्या शेजारी उभ्या राहून भिंतीकडे पाहत राहिल्या. पुढेही कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गजाननरावांना रोज वाटायचं.

तेजस्विनीनं नागपुरातून सरकारी हेल्पलाइनवर आईचा नंबर देऊन तक्रार टाकली. तक्रार भोपाळपर्यंत जाते, तिथून खाली विचारणा होते, म्हणाली. गजाननरावांनी अडवलं नाही. उलट उर्मिलाबाईंना समोर बसवून म्हणाले, "आता कोणाचाबी फोन येऊ दे, उचलत जा. म्हणतीन ते कर." एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला होता. त्या दिवसापासून मोबाईल स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या शेजारी राहू लागला.

आज ठाण्याच्या दारात पोचेपर्यंत गजाननरावांचा दम उखडला होता. कुणाल कॉम्प्युटरपुढे होता. त्यांना पाहून तो उठून हसला.

"या, काका. मी फोनच करणार होतो. तुमचं काम झालं म्हणते ना?"

"कुठं आहे तो?"

"कोण?"

"समाधान!"

"हो, समाधान झालं ना. हे पाहा." त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. "शिकायत बंद. आवेदक समाधान से संतुष्ट. आज दुपारीच तुमच्या नंबरवरून पक्कं झालं."

"अरे, पण कुठं सापडला तो? कोणत्या गावाले? आम्ही घ्याले जातो ना."

कुणालचा हात माउसवरच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि ते उतरताना गजाननरावांनी पूर्ण पाहिलं. ते बायकोकडे वळले.

"बाई काय म्हणली फोनवर? जसंच्या तसं सांग."

"काय म्हणलं म्हणजे..." उर्मिलाबाई दोघांच्या तोंडाकडे पाहू लागल्या. "म्हणली, यदि आपको समाधान मिल गया हो तो एक दबाएँ. पहिल्यांदा मले खरंच नाही वाटलं. मंग पुन्हा म्हणली. समाधान मिल गया, असंच म्हणली. मी एक दाबलं. जोरात दाबलं."

ठाण्यात कोणी हसलं नाही.

त्यांचं समाधान वेगळं, आपलं वेगळं. बाजारात एकट्या गजाननरावांना हे कळत होतं, आणि आज नेमके तेच अनवाणी पळत आले होते. आपल्याच सांगण्यावरून बायकोनं फोन उचलला, आपल्याच सांगण्यावरून दाबलं. जन्मात एकदा विश्वास टाकला आणि हे झालं. त्यांना रडूही येईना.

"पुन्हा खोल ना ते," ते म्हणाले.

"बंद झालेली खुलत नाही, काका. संतुष्ट लिवलं का कुलूपच लागते. नवी टाका लागंन."

"मंग तुम्ही शोधणं बंद करान?"

"नाही, काका. शोध चालूच आहे ना." कुणालनं पडदा परत आपल्याकडे वळवून घेतला. "आतापर्यंत वरून रोज विचारत होते, काय केलं म्हणून. आता..."

त्यानं विचारलं, काका चहा घेता का.

उर्मिलाबाई तोवर बाहेर गेल्या होत्या. गजाननराव आले तेव्हा त्या ठाण्याच्या पायरीवर चपला काढून उभ्या होत्या.

"तुमच्या घाला," म्हणाल्या. "डांबर तापलं आहे."

परतताना स्टँडचा चौक लागला. नागपूरची बस लागली होती आणि कोणी ओरडत नव्हतं. खांबाखालून जाताना दोघांनीही वर पाहिलं नाही.

घराच्या दारात शेजारच्या मंगलाबाई वाटीत साखर घेऊन उभ्या होत्या. उर्मिलाबाई धावल्या तेव्हा त्यांनी ऐकलं होतं.

"आला का हो?"

"नाही," गजाननराव म्हणाले. "आयकण्यात चूक झाली."

मंगलाबाईंनी वाटीवर पदर घेतला आणि निघून गेल्या. परातीतल्या कणकेला वरून पापुद्रा धरला होता. उर्मिलाबाईंनी पाण्याचा हात लावून ती पुन्हा मळायला घेतली. किती वेळ मळत होत्या, त्यांचं त्यांनाच ठाऊक नसावं.

गजाननराव पलंगावर मोबाईल घेऊन बसले. तेजस्विनीला सांगायची हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःच हेल्पलाइनचा नंबर लावला. आधी मशीनची बाई बोलली, मग वाजंत्री झाली, मग एक पोरगा बोलू लागला.

"जी, शिकायत बताइए."

"लड़का गुम हो गया है. पोला के दूसरे दिन से."

"गुमशुदा का नाम?"

"समाधान."

"जी, समाधान ज़रूर होगा, आप पहले नाम बताइए."

"नाम ही समाधान है, बेटा," गजाननराव म्हणाले. "हमारा लड़का है."

पलीकडून बटणं दाबल्याचे आवाज आले. पोरानं वय विचारलं, उंची विचारली, आधार नंबर विचारला. नाही म्हटल्यावर 'नहीं' असं स्वतःशी बोलत पुढे गेला. शेवटी म्हणाला की लवकरच फोन येईल आणि समाधान झालं की नाही ते त्यावर सांगायचं.

फोन ठेवला तेव्हा उर्मिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"लावली का नवी?"

"लावली."

त्या तिथंच घोटाळल्या. मग म्हणाल्या, "एकदा आजून लावा ना."

"काऊन? झालं ना सांगून."

"सांगाले नाही. थे पहिली बाई बोलते ना, थे आयकाले." त्यांनी कणकेचे हात एकमेकांवर चोळले. "मी काही येडी नाही. मले समजलं आता, मशीन होय म्हणून. पण थे नाव घेते हो. घरात आता कोणी घेत नाही. तुम्हीबी 'तो' म्हणता, मीबी 'तो' म्हणतो. लोक तर आपण दिसलो का बोलतच नाहीत."

खरंच होतं. पोरगा गेल्यापासून गजाननरावांनी ते नाव फक्त ठाण्यात आणि आता या फोनवर घेतलं होतं.

गल्ल्याच्या खणात फोन लपवणाऱ्या त्या माणसानं नंबर पुन्हा लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल पलंगावर मधोमध ठेवला. उर्मिलाबाईंनी पदराला हात पुसले आणि पलीकडे बसल्या. घंटी गेली. मग तो स्वच्छ, कोणाचाच नसलेला आवाज आला.

"नमस्कार. आपके समाधान के लिए कृपया प्रतीक्षा करें."

गजाननरावांनी हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.