शाकाहारी मासे

पिशवीच्या तोंडाचं रबर मल्लेशनं दातांनी ओढलं.

स्वामी पानावर बसल्याशिवाय पहिली पंगत सुरू होत नाही.

हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन दोन पंगती वाढल्या, की कडीचा वळ तळव्यावर संध्याकाळपर्यंत राहतो.

समुद्रात एक मासा असतो. त्याच्या शेपटीच्या बुडाशी पातं असतं. एरवी ते खाचेत मिटलेलं.

तेरहून धाराशिवला जाणारी दुपारची एसटी. खिडकीशी एक म्हातारा, अंगात लग्नासाठी घेतलेला नवा सदरा, पोटात काही नाही.

“शाकाहारीच पाहिजेत,” सिद्रामप्पा म्हणाले. “मासा असला म्हणून काय झालं.”

सिद्रामप्पांच्या कळंबच्या नव्या बंगल्यात दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काचेनं व्यापली होती. दहा फूट लांब टाकी, दोन हजार लिटर पाणी. मुंबईहून मिठाची पोती आणून, फिल्टरच्या पाण्यात कालवून मल्लेशनं तिथं समुद्र तयार केला होता. खडक रचले होते, त्यावर प्रवाळ बसवले होते आणि तीन महिने सगळं तसंच मुरू दिलं होतं. त्याचं दुकान धाराशिवात. खाऱ्या पाण्याचं काम आसपास दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून तर सिद्रामप्पांचा फोन आला. धान्याचे मोठे व्यापारी, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. हैदराबादला व्याह्यांच्या घरी त्यांनी असली टाकी पाहिली आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून ती जात नव्हती.

आता फक्त मासे निवडायचे होते.

मल्लेशनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे.

“हा क्लाऊन. गरीब आहे, जोडीनं राहतो.”

“खातो काय?”

“कोळंबी. बारीक करून.”

“ह्या घरात?” सिद्रामप्पांनी नुसती मान हलवली. “पुढं.”

“हा गोबी. वाळूतले किडे टिपून खातो.”

“पुढं, बाबा, पुढं.”

पुढं पुढं करत दुकानातले निम्मे मासे बाद झाले. सिद्रामप्पांची बायको गंगम्मा सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिला राहवलं नाही.

“माशानं काय खावं ते बी तुम्हीच ठरवणार व्हय? आता त्याला भस्म लावायचं तेवढं ऱ्हायलंय.”

“तू शेंगा फोड. मल्लेशा, पाला खाणारे दाखव. असत्यात का न्हाय?”

मल्लेशचा अंगठा काचेवर थांबला.

असतात. पिवळे, जांभळे, शिडासारख्या पंखांचे. सगळ्यांचं अंग ताटासारखं चपटं, सगळ्यांचं तोंड पुढं आलेलं, शेवाळ खरवडायला. या धंद्यातली गोष्ट अशी, की मांस खाणारे मासे एका टाकीत बरे नांदतात. एक वाळूत वेचतो, एक पाण्यात तरंगणारं टिपतो, तिसरा रात्री बाहेर पडतो. पाला खाणारे मात्र सगळे एकाच खडकावर चरायला येतात. आपल्यासारखं तोंड आपल्याच खडकाला लागलेलं त्यांना बघवत नाही. म्हणून त्यातला एखादाच घ्यावा. फार तर दोन, तेही वेगळ्या अंगलटीचे. आणि त्यातला तापट असेल तो शेवटी सोडावा, कारण आधी येतो तो मालक होतो. मल्लेशनं हे स्वतःच्या हातानं लिहून दुकानाच्या भिंतीवर लावलं होतं. गिऱ्हाइकाला वाचून दाखवल्याशिवाय तो मासा बांधून देत नसे.

“हे बघा, आप्पा. सोहाल.”

निळ्या-पांढऱ्या रेघा, जणू कुणी पट्टी धरून ओढलेल्या. शेपटीच्या बुडाशी नारिंगी ठिपका.

“अबबब,” सिद्रामप्पा म्हणाले. “आणि हे पिवळे?”

“तेही पालाच खातात.”

“मग हाच आण, आणि पिवळे आण तीन-चार. भांडत तर न्हाईत ना एकमेकांत? पाला खाणारं जनावर म्हंजे गरीबच असणार म्हणा.”

“पालाच खातात, आप्पा,” मल्लेश म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला.

*

सात वर्षांपूर्वी तेरला रुद्रेशचं लग्न होतं. रुद्रेश मल्लेशचा चुलतभाऊ. मल्लेशनं दुकान उघडून तेव्हा तीन महिने झाले होते. तेव्हा फक्त गोड्या पाण्यातले लाल मासे होते, मुलं काचेला नाक लावून बघायची. त्याचे वडील शरणप्पा पहिल्या पंगतीत बसले होते. पानावर मीठ पडलं, चटणी पडली, हुग्गी पडली. मंत्र अजून व्हायचा होता. सिद्रामप्पा ओळीतून चालत आले आणि वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

“शरणप्पा, तुम्ही मागच्या पंगतीला बसा. तुमच्या घरात मासे विकत्यात. स्वामी बसल्यात हितं.”

ते ओरडले असते तर शरणप्पांनी उलट उत्तर दिलं असतं. हळू आवाजाला उत्तर नसतं. ते उठले. चप्पल शोधली. मागची पंगत काही त्यांनी धरली नाही, एसटी धरली. त्यानंतर ते दोन वर्षं जगले, आणि त्या दोन वर्षांत लग्न असो, बारसं असो, दिवस असोत, लोकांच्या पंगतीत एकदाही बसले नाहीत. घरीसुद्धा भिंतीकडं तोंड करून जेवायचे. मरताना त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मल्लेशला ते नाव पाठ होतं.

*

सोहाल मल्लेशनं सगळ्यांत आधी सोडला. एकटा.

दर रविवारी तो मोटारसायकलवरून कळंबला यायचा, पाणी तपासायचा, काच पुसायचा. माशाला खायला समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पान लागायचं. काळ्या पापडासारखं दिसायचं ते. गंगम्मा रोज ते चिमट्यात धरून टाकीत सोडायची आणि मासा तिच्या हातापर्यंत यायचा.

“एकलाच का रं ठेवलास?” एकदा तिनं विचारलं. “सोबत आण की त्याला.”

“घर ओळखीचं होऊ दे त्याला, अम्मा.”

घर ओळखीचं झालं. दुसऱ्या आठवड्यात तो दहा फूट पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागला, पहारेकरी असावा तसा. चौथ्या आठवड्यात मल्लेशनं खडक सरळ करायला हात घातला आणि मनगटाला काहीतरी थंड लागलं. हात बाहेर काढला तर बोटभर लांब चीर, ब्लेडनं ओढावी तशी. रक्त नंतर आलं.

“अगं आई, हळद आणते,” गंगम्मा उठली.

“राहू द्या,” मल्लेश म्हणाला. धाराशिव येईपर्यंत तो गाडीवर हसत होता.

पाचव्या आठवड्यात सिद्रामप्पांनी घरभरणी धरली. समाजाची सगळी माणसं येणार होती, स्वामी येणार होते. दिवाणखाना मोठा, म्हणून पहिली पंगत तिथंच. सिद्रामप्पांनी पानांची जागा स्वतः ठरवली: टाकीला लागून स्वामी, त्यांच्या शेजारी स्वतः, मग मानाप्रमाणं बाकीचे. येणाऱ्यानं आधी टाकी बघावी, मग स्वामी बघावेत, आणि दोन्ही ज्याच्या घरी आहेत तो बघावा.

“पिवळे त्या दिवशीच सोड,” ते फोनवर म्हणाले. “लोकांच्या देखत.”

टाकीवर बारीक जाळीचं झाकण होतं. मल्लेशनं ते आदल्या रविवारी धुवायला म्हणून दुकानात नेलं होतं. घरभरणीच्या सकाळी निघताना ते दाराशी उभं होतं. त्यानं ते हातानं बाजूला सारलं आणि दाराला कुलूप लावलं.

*

दिवाणखान्यात पत्रावळी मांडून झाल्या होत्या. सिद्रामप्पांचा मुलगा सोमेश हुग्गीची बादली घेऊन वाढत येत होता. पस्तिशीचा, घामाघूम, नव्या धोतराची सवय नसलेला. तीन पिवळ्या माशांच्या पिशव्या पाण्यावर तरंगत होत्या. आतल्या पाण्याचं तापमान बाहेरच्या पाण्याइतकं होईपर्यंत थांबायचं असतं, आणि मल्लेश थांबला होता. बाहेरून सोहाल प्रत्येक पिशवीला तोंड लावून जात होता.

“मल्लेशा!” सिद्रामप्पांनी पानावरून हाक मारली. “तू बी बस. पहिल्याच पंगतीला बस, आज तुझा मान हाय.”

“मासे सोडतो आधी.”

“तुझे वडील कसे हायेत रं? शरणप्पा? लई दिवसांत दिसले न्हाईत.”

मल्लेशनं वळून पाहिलं. सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. विचारायचं म्हणून विचारलेलं, तेवढंच.

“गेले. पाच वर्षं झाली.”

“अरं अरं अरं.” ते शेजारच्या माणसाकडं वळले. “गरीब माणूस. शेवटचं भेटलो ते तेरच्या लग्नात का कुठं. जेवण झक्कास होतं त्या लग्नात.”

पिशवीच्या तोंडाचं रबर मल्लेशनं दातांनी ओढलं. एक. दोन. तीन.

पिवळे मासे पाण्यात उतरले आणि क्षणभर दिव्याखाली हळदीसारखे लखलखले. पंगतीतून वा वा झाली. स्वामींनीसुद्धा मान वळवली. मग सोहाल त्यांना आडवा आला.

“खेळायलेत बघा,” कुणीतरी म्हणालं.

पहिल्या पिवळ्याच्या कल्ल्यामागं पांढरी रेघ उमटली. दुसरा खडकाच्या फटीत शिरला आणि तिथंच अडकला. तिसऱ्याला लपायला जागा नव्हती. प्रत्येक खडक पाच आठवड्यांपासून दुसऱ्याचा होता. तो काचेला आपटला, वळला, परत आपटला. गंगम्मा टाकीपाशी आली.

“मल्लेशा, मारायलाय की रं तो! काढ त्याला! कर की कायतरी!”

मल्लेशच्या हातात तीन सुट्या रबरांची गुंडाळी होती. तो हलला नाही.

मासा वर गेला. वर जाळी नव्हती. तो काठावरून उडाला, हवेत एकदा वाकला आणि स्वामींच्या पत्रावळीवर पडला, मीठ आणि हुग्गी यांच्या मधोमध.

पिवळा मासा पानावर चपटा पडून तोंड उघडत-मिटत होता, आणि शेपटी आपटेल तशी हुग्गी उडत होती. मग शेवटच्या टोकाकडून एका बाईचा आवाज आला: “पानावर मासळी गं! स्वामींच्या पानावर!”

स्वामी उठले. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही, रागही दाखवला नाही. उपरणं सावरलं आणि दाराकडं चालू लागले. ते उठले म्हणून त्यांच्या समोरचे उठले. मग ओळच्या ओळ. चप्पल शोधणारी माणसं, पोरांची बकोटी धरणाऱ्या बाया, पायाखाली आलेली पानं. कोरडी, हळू, एकमेकांच्या कानाला लागलेली बोलणी. बघता बघता पंगत मोडली.

एकटे सिद्रामप्पा बसून होते. मांडी तशीच, हात गुडघ्यांवर, समोर वाढलेलं पान. त्यांनी टाकीचा उघडा काठ पाहिला. मग मल्लेशकडं पाहिलं.

मल्लेशनंही पाहिलं. सात वर्षं त्याला हेच हवं होतं आणि ते अगदी हवं तसं झालं होतं, एक पान इकडं का तिकडं नाही. त्यानं आत कुठंतरी काही सुटेल याची वाट बघितली.

ओळीच्या मध्यावर सोमेश बादली घेऊन उभा होता. एक हात कडीला, दुसऱ्यात डाव, डावातून हुग्गी गळतेय. पुढची पानं रिकामी, मागची तुडवलेली. पुढं जावं की मागं, ते त्याला कळेना. त्यानं दाराकडं पाहिलं, जिथं माणसं अजून घोटाळत होती, त्याच्याकडं बघत होती. मग बापाकडं.

त्यानं बादली खाली ठेवली. डाव त्यात टाकला. धोतराला हात पुसले आणि वडिलांच्या शेजारी, जिथं पानसुद्धा नव्हतं, तिथं जमिनीवर मांडी घालून बसला.

“पंगत उठली रं,” सिद्रामप्पा म्हणाले.

“उठू द्या,” सोमेश म्हणाला. “तुम्ही जेवा. मी बसतो.”

मल्लेश वाकला. पानावरचा मासा त्यानं दोन्ही हातांत धरला, उरलेल्या पाण्याच्या पिशवीत सोडला आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. मासा आडवा तरंगला, मग एकदा सरळ झाला. मल्लेशच्या तळव्याला हुग्गी चिकटली होती. बाहेर जाताना कुणी त्याला अडवलं नाही.

तेरच्या लग्नात हुग्गीची बादली मल्लेशच्या हातात होती. वडील उठल्यावर तो पुढच्या पानावर वाढायला गेला.